हमिंग गेले, आता दुसरी कॅसेट घेऊन ये

सोलापूर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत आलेल्या तुझ्या पत्राचे उत्तर उन्हाळा सरताना जात आहे, त्याबद्दल हवे तेवढे रागाव. पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण बाळीवेशीतल्या बैठकीच्या कॅसेटविषयी जे हाती लागले आहे ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही. माझी साखर आटोक्यात आहे आणि हिचा गुडघा होता तसाच आहे.

बुवांची कॅसेट संगणकावर उतरवायला घेतली, तर गाण्याखाली अखंड हमिंग, विजेची घुमणारी गुणगुण. तुझ्या पेटीवर खर्जातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, दाबून पाहिली आणि सूर जवळजवळ जुळला. आपली वीज 50 हर्ट्झची, तिचा वरचा स्वर 100 चा आणि ती पट्टी 98 च्या आसपासची, म्हणजे बुवांच्या काळी एकच्या तंबोऱ्याखाली कोणी हट्टाने तीव्र मध्यम धरून बसावे तसा तो प्रकार होता. घरात इतर कोणाला ते ऐकूही येत नव्हते. मला मात्र अन्न गोड लागेना. हा आवाज माझ्या सेटचा आहे की फितीतच उतरलेला आहे, एवढी एकच धास्ती होती, कारण बुवांची तेवढीच बैठक आपल्याकडे उरली आहे.

पहिला संशय शेजारच्या यंत्रमागांवर गेला. पण माग बंद असलेल्या दिवशीही हमिंग तसूभर कमी झाले नाही. मग अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून बादल्यांनी पाणी ओतले. इथली जमीन उन्हाळ्यात इतकी सुकते की ते करायला हवेच होते, पण आवाज हलला नाही. शेवटी कॅसेट मध्येच थांबवली आणि जीव भांड्यात पडला: फीत थांबली तरी हमिंग चालूच होते. म्हणजे निदान त्याचा मोठा भाग सेटचा होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागची एकेक वायर काढत गेलो. डेकची काढली, संगणकाची काढली, काही फरक नाही. टीव्हीची काढली आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

कारण तुला लगेच पटेल. अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला जोडलेला आहे, तर टीव्हीच्या डबीला येणाऱ्या केबलची बाहेरची जाळी दूर कुठेतरी वेगळ्या ठिकाणी जमिनीला टेकलेली आहे. या दोन जमिनींमध्ये विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो, त्यामुळे ऑडिओ वायरच्या जाळीतून प्रवाह फिरत राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही गाणे समजून मोठा करतो. वायरमनने अर्थची पिन सरळ काढून टाकायला सांगितले, त्याला मी ठाम नकार दिला. उद्या आत काही तुटून पत्र्यात करंट उतरला, तर त्याच वाटेने माणूस वाचतो. त्याऐवजी टीव्हीच्या ऑडिओ वायरमध्ये एकास एक गुंडाळ्यांचे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवले; आवाज चुंबकत्वाने पलीकडे जातो, धातूचा जोड मात्र तुटतो.

आता खरी गोष्ट. एवढे करूनही फीत चालू असताना एक बारीक हमिंग उरलेच आणि फीत थांबवली की ते थांबे. म्हणजे ते त्या रात्रीचे होते. मुलीने त्याचा संगणकावर आलेख काढून दिला. कॅसेटच्या सुरुवातीला त्याची रेघ 50 च्या जरा वर आहे आणि पंचेचाळीस मिनिटांनी, भैरवीत, 53 वर पोचते, म्हणजे जवळजवळ एक पट्टी वर. वीज अशी चढत नाही. अ‍ॅडॉप्टर लावला तर हमिंग येईल म्हणून तू हट्टाने सेलवर रेकॉर्डिंग केलेस, आठवते? माईकची वायर मात्र भिंतीकडेने, लाइटच्या वायरीला चिकटून गेली होती. सेल उतरत गेले, मोटर मंदावत गेली, आणि तेव्हा हळू फिरलेली फीत आज पूर्ण वेगाने वाजते म्हणूनच सूर चढत जातो. बुवा रंगात येऊन पांढरी दोनपर्यंत चढले, हे तू इतकी वर्षे मास्तरांसमोरसुद्धा ठासून सांगत आलास! अरे, दोन्ही तंबोरे गाता गाता कोण चढवत होते? ती रेघ 50 वर आणून फितीचा वेग सुधारला, तर बुवांचा षड्ज पहिल्या आलापापासून भैरवीपर्यंत काळी एकवरच उभा आहे. त्या काळी विजेची कंपने 50 च्या खाली घसरत, हा मुद्दा तू काढशीलच. पण 49 धरले तरी फरक पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पडतो आणि तो षड्जाला खाली नेतो, वर नाही.

काल सुधारलेले रेकॉर्डिंग लावले. विलंबितात समेच्या आधी मास्तरांच्या अडकित्त्याची कच् ऐकू येते आणि समेवर त्यांचा ‘आहाहा’. मला पुढचे काही वेळ नीट ऐकता आले नाही.

तुझ्या नव्या घराचे काम संपले असेल असे धरतो. वहिनींना नमस्कार, धाकटीच्या निकालाचे कळव.

आषाढीला पंढरपूरला येशीलच, तेव्हा तुझ्याकडची दुसरी कॅसेट घेऊन सरळ इकडे ये. त्याआधी ती वाजवून पाहू नकोस. आतला फेल्टचा तुकडा डिंक सुकून सुटला असेल, तो मी इथे नव्याने चिकटवीन. तिच्यात सेल नवे घातले होतेस की तेच, एवढे मात्र उलट टपाली लिही.

तुझा,
नाना