गोळे कुठे पडले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२३ मध्ये ब्रिटनने युक्रेनला रणगाड्यांसोबत डिप्लिटेड युरेनियमचे, म्हणजे अणुइंधन बनवताना मागे उरणाऱ्या युरेनियमचे तोफगोळे देण्याचे जाहीर केले. पुतिन म्हणाले, यात अण्वस्त्राचा अंश आहे. लंडनने सांगितले, अण्वस्त्रांशी काडीचा संबंध नाही. मी वाचलेल्या बहुतेक बातम्या या दोन विधानांपाशीच थांबल्या.

या गोळ्याने अणुस्फोट होत नाही. त्याचा किरणोत्सारही नैसर्गिक युरेनियमपेक्षा कमी असतो. मात्र शिशाहून खूप जड असलेला हा धातू चिलखत भेदताना पेटतो आणि त्याची अतिशय बारीक भुकटी रणगाड्याच्या आत-बाहेर बसते. ती नाकातोंडावाटे शरीरात गेली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. युद्ध संपल्यावर त्या जळक्या सांगाड्यावर पोरे चढतात, कोणी तो कापून भंगारात विकतो. खरी काळजी त्यांची आहे आणि बातमीत नेमकी तीच माणसे नसतात.

बॉस्नियात १९९४-९५ मध्ये नाटोच्या विमानांनी असे गोळे डागले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे पथक तिथे मोजमापाला गेले ते २००२ मध्ये. एका विहिरीच्या पाण्यात आणि काही इमारतींतील हवेत त्यांना या युरेनियमचे अंश सापडले. प्रमाण फार कमी आहे, हेही त्यांनी लपवले नाही. असेच लिहायला हवे, घाबरवू नये आणि झाकूही नये. इराकमध्ये मात्र बसऱ्याचे डॉक्टर कर्करोग आणि जन्मजात व्यंगे वाढल्याचे वर्षानुवर्षे सांगत आले, तरी गोळे कुठे-कुठे पडले याची पूर्ण माहिती अमेरिकेने दिली नाही. मग पडताळणी कशी करायची?

ही माहिती मागितल्यास द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१० मध्ये १४८ मतांनी केला. विरोधात चारच देश होते: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी संसदेला लेखी कळवले की युक्रेन हे गोळे कुठे डागते यावर आम्ही लक्ष ठेवत नाही. माझ्या मते मथळा याचा व्हायला हवा होता.

आपल्या परराष्ट्र पानाला विनंती आहे. अशा शस्त्रांची बातमी देताना सफाई कोण करणार आणि नकाशे कोणाकडे आहेत, हे जरूर लिहा. शस्त्रसंधीनंतरही त्या गावांतील विहिरींची खबर घेत राहा.

आपला नियमित वाचक,
सातारा