गोधडी अडते ती फरशीपाशी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोधडीबद्दल वर्तमानपत्रांत छापून येतं ते बहुतेक आजीच्या उबेबद्दल. माप, कापड, सुई याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. हौसेनं सुरू केलेल्या कितीतरी गोधड्या मुंबईतल्या घरांत पलंगाच्या पेटीत अर्धवट पडून असतात आणि दोष मात्र वेळेला दिला जातो. वेळेची अडचण आहेच, पण ती दुसऱ्या नंबरची. गोधडीतल्या दोन कामांना मोकळी फरशी लागतेच: कापणं, आणि थर अंथरून कच्चे (नंतर उसवायचे, लांब) टाके घालणं. बाकी सगळं मांडीवर होतं. ही दोन कामं रविवार गाठून एका बैठकीत उरकली नाहीत, तर रोज मिळणारी वीस-पंचवीस मिनिटं फुकट जातात, कारण हातात घ्यायला तयार असं काही नसतंच.

६० बाय ९० इंचांची एकेरी गोधडी धरू. साडेसहा इंचांचे चौकोन कापले आणि चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) धरली, की शिवून सहा इंच उरतात. आडवे १०, उभे १५, एकूण १५०. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून एका पट्टीत ६ चौकोन निघतात, म्हणजे २५ पट्ट्या, सव्वाचार मीटर. रंग जास्त असतील तर प्रत्येकातून थोडं वाया जातं, तेव्हा पाच मीटर धरावेत. हा आकडा चिठ्ठीवर लिहून मगच मंगळदास मार्केटमध्ये शिरावं. चिठ्ठी नसली की पिशवीभर कटपीस घरी येतात आणि त्यातले चार एकमेकांशी जुळत नाहीत.

अस्तराला नवं कापड घ्यायची गरजच नाही. जुनी सुती पाचवारी मधोमध कापून दोन तुकडे उभे जोडले, की चारही बाजूंना हवी असलेली ३ ते ४ इंचांची जादा जागा सहज मिळते. साडी आधी उजेडासमोर धरावी; विरलेली जागा आत्ताच दिसते, नाहीतर दुसऱ्या धुण्यात फाटते. आतही दोन जुन्या सुती साड्याच घालाव्यात. फायबरचा जाड थर मुंबईत फार तर जानेवारीत सोसवतो.

नवं कापड कापायच्या आधीच धुवावं. सुती कापड आटतं, आणि सगळं सारखं आटत नाही. लाल आणि गडद निळा यांची परीक्षा वेगळी: ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवावी, रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो हा समज सोडून द्यावा, बाजारातल्या तयार रंगीत कापडावर त्याचा भरवसा नाही. शिंप्याकडच्या चिंध्यांत पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. एक धागा जाळून पाहावा: कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती, टणक मणी झाला तर नाही.

चौकोन उभ्या-आडव्या धाग्यालाच धरून कापावेत. उरेब (तिरकी) गेलेली कड शिवताना ताणते आणि गोधडी लाटांसारखी उठते. सर्वांत जास्त घात मात्र मायेत होतो. पाव इंच म्हणजे दोन सूत. तिथे अर्धं सूत जास्त गेलं तर प्रत्येक जोडात दोन्ही बाजू मिळून एक सूत खाल्लं जातं; दहा चौकोनांच्या ओळीत नऊ जोड, म्हणजे ओळ इंचाहून जास्त आखूड. दुसऱ्या ओळीत माया नेमकी असली, की त्या दोन ओळी कितीही ओढल्या तरी जुळत नाहीत. मशीनच्या सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावली तर अंदाज हा प्रकारच उरत नाही. मात्र पायाच्या कडेपासून मोजू नये.

कापून झाल्यावर सगळे चौकोन एकदाच फरशीवर मांडावेत आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढावा. रंग डोळ्यांना फसवतात. फोटोत फिकं कुठे साचलंय ते लगेच कळतं. मग प्रत्येक ओळीचे दहा चौकोन क्रमानं एकावर एक ठेवून फुलांच्या माळेसारखे एका दोऱ्यात ओवायचे आणि वर ओळीचा आकडा. अशा पंधरा गड्ड्या झाल्या की फरशीचं पहिलं काम संपलं. एक गड्डी, सुई, दोरा आणि बोथट टोकाची छोटी कात्री एका डब्यात बसते. डब्यात चिठ्ठी असावी, तिच्यावर फक्त पुढची पायरी. दहा दिवसांनी उघडणाऱ्याला विचार करावा लागू नये. हाताच्या सुयांत नंबर मोठा तशी सुई बारीक, मशीनच्या सुयांत उलटं. दोन्ही एका डब्यात ठेवल्या की घोळ ठरलेला.

थर अंथरताना अस्तर उलटं, फरशीला चिकटपट्टीनं ताणून. त्यावर साड्या, त्यावर सुलट वरचा भाग, म्हणजे पंधराही ओळी शिवून जोडलेलं कापड. कच्चे टाके मधून बाहेरच्या बाजूला. एका कडेकडून सुरुवात केली तर सगळी चूण दुसऱ्या कडेला जमते. सेफ्टी पिना सोयीच्या खऱ्या, पण जून ते सप्टेंबर नकोत. इथल्या दमट हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग सुती कापडावरून जाता जात नाही. पावसाळ्यात पांढऱ्या दोऱ्याचे टाकेच बरे. ठेवणीतलं कापडही याच दिवसांत बिघडतं: प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिलं की बुरशीचे ठिपके येतात, आणि खळ दिलेलं असेल तर कसर लागते. खळ कापायच्या आदल्या दिवशी द्यावी. ठेवणीतलं कापड जुन्या सुती उशीच्या अभ्ऱ्यात बिनखळीचं बरं.

मग धावदोरा. दोन-दोन इंचांवर आडव्या ओळी घातल्या तर ९० इंचांत सुमारे ४५ होतात. रोज एक ओळ, साधारण अर्धा तास. दोरा हातभरच घ्यावा, लांब दोरा पिळतो आणि गाठी पडतात. गोट (कडेची पट्टी) लावायला अडीच इंची पट्ट्या आठ, पाऊण मीटर कापड.

आता राहिला नवं काही सुचण्याचा प्रश्न. हजार नमुने पाहून ते होत नाही, उलट हात थबकतात. एक बंधन घ्यावं: तीनच रंग, किंवा फक्त काठांचे तुकडे. मुंबईत नमुने पायाखालीच आहेत. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या, आणि जुन्या इमारतींच्या जिन्यांवरच्या नक्षीच्या फरश्या पाहाव्यात. त्यांतल्या बऱ्याच नक्ष्या चौकोन आणि त्रिकोण यांच्याच असतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंडी (त्यांची गोधडी) करतात ती तर आधी आखतच नाहीत. कडेपासून सुरू करून मिळेल तो तुकडा टाचत मध्यापर्यंत येतात, आणि जोडणी व धावदोरा एकाच वेळी होतो. कापायचा रविवार ज्यांना मिळतच नाही त्यांनी ती पद्धत करून पाहावी. पहिली ४५ इंच चौरसाची, लहान मुलाच्या मापाची करावी.

आपल्या पुरवणीत गोधडीवर लेख आला, तर आठवणींच्या शेजारी मापांची एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती.

गोधडी शिवणाऱ्या काही वाचक,
परळ, मुंबई