आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: १०८ ला कळू द्या, कुठल्या दारी जायचं

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास भाकरी थापता थापता आईचा उजवा हात परातीतच लुळा पडला. बोलायला गेली तर तोंडातून नुसती घरघर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वारं गेलं अंगावरून." म्हणजे पक्षाघात, ब्रेन स्ट्रोक. १०८ वीस मिनिटांत आली, हे आवर्जून लिहितो. पण गाडीनं नेलं ते जवळच्या रुग्णालयात. तिथं सीटी स्कॅनचं मशीन होतं, चालवणारा सकाळी येणार होता. सलाईन लावून पुढे धाडलं. दुसरीकडे स्कॅन झालं, पण मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी काढणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या दारी पोचलो तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते. डॉक्टरांनी नव्यानं काढलेली फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूची डावी बाजू काळवंडली होती.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर बहुतेकदा तेवढ्यानं भागत नाही. मग जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि तारेच्या जाळीत गुठळी अडकवून बाहेर ओढतात. कवटीला हात लावावा लागत नाही. २०१५ साली पाच मोठ्या चाचण्यांनी या उपचाराचा गुण दाखवून दिला. २०१८ पासून निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत मुदत मिळते, पण निवडक म्हणजे ज्यांचा मेंदू तोवर तग धरून आहे ते. मोठी वाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

तालुक्यातालुक्यात कॅथलॅब, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करायची सोय, द्या, असं माझं म्हणणं नाही. मेंदूत नळी नेणारे हात मोजके आहेत, ते एका अधिवेशनात तयार होत नाहीत. मागणं लहान आहे. आज रात्री सीटी कुठे चालू आहे, गुठळी काढणारा डॉक्टर कुठे हजर आहे, याची यादी १०८ च्या नियंत्रण कक्षात दर पाळीला ताजी व्हावी. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं दिसलं की गाडीनं तडक तिथंच जावं आणि वाटेतूनच फोन करावा.

जनआरोग्य योजनेचं कार्ड माझ्या खिशातच होतं. ५ लाखांचं संरक्षण. या उपचारासाठी ते बाहेर काढायची वेळच आली नाही.

आई आता डाव्या हातानं जेवते. त्या रात्रीचे तिन्ही ठिकाणचे कागद, वेळा टाकलेले, मी जपून ठेवलेत. आपल्या कार्यालयानं बोलावलं तर घेऊन येईन.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक रहिवासी