पान सोडलं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी ते थट्टेवारी नेलं असतं, तूही हसला असतास आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून पत्र. मागच्या शुक्रवारी मी पेपरातली नोकरी सोडली. मला काढलं नाही, मी सोडली. हे आधीच सांगतो, कारण ज्याला सांगावं तो पहिलं तेच विचारतो.

पण त्याआधी एक जुनं देणं आहे. नऊ वर्षांपूर्वी तू पेपर सोडून गेलास तेव्हा तुझ्या निरोपाला मी आलो नाही. रात्रपाळी आहे म्हणालो. त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. डेस्कवर चार माणसांदेखत मी तुला पळपुटा म्हणालो होतो. ते तुझ्या कानावर गेलं असणारच. आपल्या धंद्यात असली बातमी कुणी दाबत नाही. तू मात्र तो विषय कधी काढला नाहीस. आता मीही त्याच दारातून बाहेर पडलोय, तेव्हा शब्द मागे घेतो. आपण खुलासे छापायचो तसा आतल्या पानात, खाली कोपऱ्यात नाही. हा पहिल्या पानावर, लीडच्या म्हणजे मुख्य बातमीच्या जागी घे.

तू होतास तेव्हा डेस्कवर आपण चौदा जण होतो. शुक्रवारी मी उठलो तेव्हा मागे चौघं राहिली. मुद्रितशोधक तीन वर्षांपूर्वीच घरी गेले. तेव्हापासून ज्यानं पान लावायचं त्यानंच ते वाचायचं, आणि स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हे तुला मी काय सांगू. तू भिंतीला डकवलेली, हमखास चुकणाऱ्या शब्दांची ती चिठ्ठी अजून तिथंच आहे बरं का. तज्ज्ञ, उज्ज्वल, महत्त्व, तत्त्व. कडा पिवळ्या पडल्यात. रंगकाम झालं तेव्हा मी ती काढून ठेवली आणि पुन्हा लावली. नवी मुलं विचारायची, हा कसला मंत्र?

धंदा का बसला, यावर मीटिंगांमध्ये एवढं ऐकलंय की आता त्याचाही कंटाळा येतो. वाचक मोबाइलवर गेला, हे ठरलेलं उत्तर. मला ते अर्धंच खरं वाटतं. अंकाची किंमत म्हणून वाचक जे देतो त्यात अंकाचा खर्च भागत नाही, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाकीचं ओझं जाहिरातींवर. पानभर जाहिरातींचा मिरवायला उपयोग, पण बारीक टायपातल्या त्या ‘पाहिजेत’, ‘विकणे आहे’, ‘भाड्याने देणे आहे’ कुणाच्या डोळ्यांवर न येता रोज पैसे आणायच्या. त्या आधी गेल्या. अमेरिकेत क्रेग्जलिस्ट म्हणून आहे ना, एका माणसानं १९९५ साली ओळखीपाळखीच्यांना ई-मेलनं पाठवायला सुरू केलेली यादी, पुढे छोट्या जाहिरातींची वेबसाइट झालेली, तिनं तिथल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती पार धुऊन नेल्या. जाहिराती गेल्या म्हणून माणसं कमी केली, माणसं कमी म्हणून अंक पातळ झाला आणि पातळ अंक वाचकानं सोडला. आम्ही मात्र ही साखळी शेपटाकडून सांगत बसलो.

आणि दोष फक्त वाचकाला कसा देऊ? घरी येणारा अंक मी स्वतः दोन वर्षं उघडत नव्हतो. घडीही न मोडता रद्दीवर टाकायचो. बातम्या रात्री बघितलेल्याच असायच्या, आणि सकाळी पान उघडलं की चुकाच दिसायच्या. एकदा मुलीनं विचारलं, “बाबा, तुम्ही तुमचा पेपर का वाचत नाही?” मी म्हणालो, “आचाऱ्याला भूक नसते.” उत्तर टाळीबाज होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

तरी सोडताना जीव का अडकला, ते सांगायला तुला ती फोटोची भानगड सांगायला हवी. ती तू गेल्यानंतरची. निधनवार्तांचं पान माझ्याकडे होतं. दोघा भावांचे फोटो एकाच पाकिटातून आले होते, दोघांना सारख्याच मिशा, आणि वारलेल्याच्या नावावर मी जिवंत भावाचा फोटो लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस स्वतः ऑफिसात आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत उभा. त्यानं अंक टेबलावर पसरला, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सकाळपासून लोक फुलं घेऊन येतायत. भावासाठी कुणी रडेना, मी उभा आहे ना समोर.” मी दिलगिरी लिहायला घेतली. तो शेजारी बसून वाचत होता. तिसऱ्या ओळीत त्यानं मला भावाच्या वडिलांचं नाव दुरुस्त करायला लावलं. त्याच्याच वडिलांचं रे. तेही मी चुकवलं होतं.

आज हीच चूक वेबसाइटवर झाली असती तर अर्ध्या मिनिटात फोटो बदलला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. लोकांचं भलंच आहे त्यात, नाही म्हणणार नाही. पण छापलेलं परत घेता येत नाही, या एका भीतीनं मला एकोणीस वर्षं माणसात ठेवलं. पान सोडण्याआधी, म्हणजे छपाईला पाठवण्याआधी, हात थांबायचा. वय, आडनाव, आकड्यातली शून्यं पुन्हा बघायचो. मग पान सुटायचं, खाली छपाईयंत्रावर प्लेट लागायची, आणि त्या दिवसापुरतं बरंवाईट जे असेल ते संपायचं. रोज काहीतरी संपायचं, हेच सुख होतं बघ. समाजसेवा, चौथा स्तंभ वगैरे मी भाषणात बोललोय, पण खरं सांगायचं तर मला ते पान सुटण्याचं व्यसन होतं.

शेवटच्या महिन्यात रात्री पान गेलं की बंद पडलेल्या वर्तमानपत्रांचे शेवटचे अंक शोधत बसायचो. वाईट खोड. डेन्व्हरचं ‘रॉकी माउंटन न्यूज’ २७ फेब्रुवारी २००९ ला बंद झालं, दीडशे वर्षं पुरी व्हायला ५५ दिवस कमी असताना. पण ज्याचा हेवा वाटला ते व्हिएन्नाचं ‘वीनर त्साइटुंग’. १७०३ सालचं. कंपन्यांच्या सरकारी सूचना त्यात छापायची सक्ती कायद्यानं काढली, उत्पन्न गेलं, आणि ३० जून २०२३ ला छापील दैनिक थांबलं. शेवटच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं: ३२० वर्षं, १२ राष्ट्राध्यक्ष, १० सम्राट, २ प्रजासत्ताकं, १ वर्तमानपत्र. काय मथळा आहे! रडगाणं नाही, विशेषण नाही, नुसती मोजणी. मरताना असा मथळा सुचायला हवा. आमच्याकडे तेवढंही होणार नाही. एके दिवशी अंक येणार नाही आणि लोकांना वाटेल, आज सुट्टी असेल.

ते बघायला मी थांबलो नाही. शहाणपण म्हण, भेकडपणा म्हण. मला दोन्ही एकाच वेळी वाटतं, सकाळी एक आणि रात्री दुसरं. पगार चार वर्षं जागचा हलला नव्हता, त्याची चीड अजून आहे. मागे राहिलेल्या चौघांची लाज वाटते. आणि संध्याकाळी सात वाजता घरी असतो याचा जो आनंद होतो, त्याचीही थोडी लाज वाटते.

नवं काम एका संस्थेचे अहवाल आणि माहितीपत्रकं लिहिण्याचं. माणसं भली आहेत. फक्त तिथं काही संपत नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम नक्की’ अशा नावांच्या फायली मेलवर फिरत राहतात आणि कुणाला घाई नसते. तुला याची सवय कशी झाली? की झालीच नाही? रात्री पावणेबाराला मी अजून टक्क जागा होतो. पान सोडायची वेळ.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येईन म्हणतो. निरोपाची संध्याकाळ नऊ वर्षं उशिरा का होईना, करू.

तुझा,
मी

ता. क. — शुक्रवारी मी लावलेलं शेवटचं पान शनिवारी सकाळी उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून अंक हातात घेतला. पाचव्या पानावर तीन कॉलमी मथळा, माझाच, चांगला ठसठशीत: ‘तज्ञांच्या समितीचा अहवाल रखडला’. ज् राहिला. तुझी चिठ्ठी डोळ्यांसमोर होती रे.