माऊ, तीन दिवस मुंबई बघूनच ये

माऊ,

काल फोनवर तू म्हणालीस की आई, रविवारी पेपर झाला की रात्रीच्याच गाडीने परत येते, मुंबईत राहायचं म्हणजे लई पैसे लागतात. मी पण हो म्हणाले. पण नंतर रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. तू राहा बाळा. सोमवार, मंगळवार, बुधवार राहा आणि मुंबई बघून ये. परीक्षेच्या खर्चाला दिलेत ते सोडून तीन हजार तुझ्या खात्यावर टाकतेय, पुरतात तेवढे. आम्ही मोजक्या पैशात त्या शहरात सात आठवडे काढलेत म्हणून सांगतेय.

२०१३ ला तू पहिलीत होतीस, आजीकडे ठेवून गेलो होतो तुला. बाबांचं घशाचं ऑपरेशन, टाटा हॉस्पिटल, लाईट हे सगळं तुला माहितीये. पण आम्ही तिथं फिरलो हे तुला कधीच सांगितलं नाही. पैसे उसने आणलेले होते, त्यातून समुद्र बघायला गेलो हे कुणाला कळलं तर काय म्हणतील असं वाटायचं. आता नाही वाटत तसं, म्हणून तुला सांगतेय.

लाईट म्हणजे रेडिएशन, ते सोमवार ते शुक्रवार रोज असायचं पण मशीनवर दहा-पंधरा मिनिटंच. नंबर लागून बाहेर आलं की उरलेला दिवस मोकळा. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली होती, त्या माणसांचे उपकार मी कधी विसरणार नाही. (तुला तिथं राहायचं सुचवत नाही हां, ती जागा पेशंट आणि त्यांच्या माणसांची आहे, फिरायला आलेल्यांनी ती अडवायची नाही.) पहिले चार-पाच दिवस बाबा खोलीवर येऊन नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग एके दिवशी स्वतःच म्हणाले, चल, समुद्र तरी बघू.

पहिल्या दिवशी आम्ही चांगलेच फसलो होतो. लातूरची गाडी दादरला थांबते हे माहिती नव्हतं, शेवटपर्यंत सीएसएमटीला गेलो, आणि बाहेर एका टॅक्सीवाल्याने दादरला सोडायचे सातशे रुपये घेतले. लोकलने तेवढंच अंतर पाच रुपयात होतं. आजसुद्धा पाचच रुपये आहे बघ. त्या सातशे रुपयांचं मला महिनाभर वाईट वाटत होतं, म्हणून टॅक्सी-रिक्षाचं नीट लक्षात ठेव. मीटर टाकायला लाव, रिक्षाचं २६ पासून आणि टॅक्सीचं ३१ पासून सुरू होतं, आणि सायन-बांद्र्याच्या पुढे शहरात रिक्षा चालतच नाही, टॅक्सीच असते. पण शक्यतो बसायचंच नाही, लोकल आणि बेस्टची बस आहे ना. बसचं तिकीट दहा रुपयांपासून, एसीचं बारा.

आता राहायचं. मुंबईत खरा पैसा जातो तो झोपायलाच. मुंबई सेंट्रल स्टेशनात ती पॉड म्हणून छोटी खोली निघालीये तिचे १२ तासाला ९९९ घ्यायचे म्हणे, तुझे तीन हजार तिथंच संपले असते. तुझ्यासोबत येणाऱ्या प्रियाच्या मावशी डोंबिवलीला बोलावतायत तर तिकडेच जा, संकोच करू नको, पण पाहुणी म्हणून जाऊ नको. त्यांचा वन रूम किचन आहे. सकाळी नळाला पाणी थोडाच वेळ येतं, मावशींना आणि काकांना ऑफिसची लोकल गाठायची असते, तर त्यांचं आवरेपर्यंत बाथरूम अडवायचं नाही, अंथरूण उचलून ठेवायचं, रात्री भांडी तू घासायची. पेढे-बिढे नेऊ नको, दोन किलो तूरडाळ ने आपल्या इथली, लातूरची डाळ म्हटलं की मुंबईची बाई खूश होते आणि घरात लगेच कामाला येते. धपाटे मी करून देते, दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, म्हणजे दुपारच्या जेवणाचा खर्च तिथंच वाचतो आणि बाहेर एक वडापाव-चहावर भागतं.

जाताना ठाण्याला उतरा आणि तिथून डोंबिवलीकडची लोकल धरा, सकाळी सगळी गर्दी उलट्या दिशेला असते त्यामुळे तुमच्या बॅगा नीट बसतील. रविवारी पेपरला निघायच्या आधी मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवतात तो) कुठं आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेव, रविवारी कुठल्या ना कुठल्या मार्गावर असतोच, दीड तास आधी निघा. डोंबिवली ते सीएसएमटी १५ रुपये. तिकीट काढल्याशिवाय एक स्टेशन पण जायचं नाही, २५० दंड आणि वरून भाडं, आणि चार माणसांत मान खाली जाते ती वेगळीच. सोमवारपासून सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शिरू नका, दारात उभं राहायलाही जागा नसते, अकरानंतर निघा. लेडीज डब्यातच चढायचं. घाबरू नको त्या डब्याला, मला पहिल्या दिवशी रडू आलं होतं गर्दीत, तर एका बाईने स्वतः उठून मला बसवलं, म्हणाली हॉस्पिटलची फाईल दिसली मला. आणि दादरचे प्लॅटफॉर्म आमच्या वेळी लई गोंधळाचे होते, दोन्हीकडे एक नंबर दोन नंबर, बाबा एकीकडे आणि मी एकीकडे असं झालं होतं एकदा. २०२३ च्या डिसेंबरपासून सरळ केलंय, पश्चिमचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४.

काय बघायचं ते वार बघून ठरवा. सोमवारी घारापुरी बंद, बुधवारी राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड म्युझियम बंद. म्हणून मंगळवारी भायखळ्याला उतरा, म्युझियम आधी करा, १८७२ ची इमारत आहे, बागेच्या आवारातच. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव ठेवलं. होडीचे अडीचशेच्या वर पैसे न घालता तो हत्ती तरी बघून होतो. सोमवारी सीएसएमटीला उतरलीस की लगेच पळू नको, समोरच्या फुटपाथवर जा आणि दहा मिनिटं ते स्टेशन बघ. १८८८ मध्ये बांधून झालंय, दगडातले मोर, माकडं, झाडाची पानं, सगळं कोरलेलं. बाबा गवंडीकाम करायचे ना, त्यांनी तिथं उभं राहून मला एकेक दगड कसा बसवलाय ते हातवारे करून दाखवलं होतं, बोलता येत नव्हतं तेव्हा नीट. तिथून फोर्टातून चालत राजाबाई टॉवर, ओव्हल मैदान, गेट वे, एक रुपया लागत नाही. मणिभवन बुधवारी करा, गांधीजी मुंबईत आले की १९१७ ते १९३४ तिथंच राहायचे, तिकीट नाही. आणि तिथून वाळकेश्वरला बाणगंगा. जवळच समुद्र आणि तरी गोड पाण्याचं तळं, पायऱ्यांवर बदकं. आम्ही तिथं तीनदा गेलो.

पण मरीन ड्राईव्ह मात्र संध्याकाळचीच. सीएसएमटीहून ११५ नंबरची डबल डेकर बस आहे नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी, वर पुढच्या सीटवर बसायला मिळालं तर बघ. उतरून गिरगाव चौपाटीपर्यंत कडेकडेने चालत जा. तीन-साडेतीन किलोमीटर आहे, सावकाश जा. बाबांना तेव्हा पोळी गिळता येत नव्हती, पंधरा दिवस नुसतं पातळ वरण आणि दूध, वजन ४८ वर आलं होतं. चौपाटीवर एकाकडे कुल्फी होती, मी एकच घेतली. ते मफलर खाली करून, मानेवर लाईटसाठी काढलेल्या त्या शाईच्या खुणांना हात लागू न देता, चमच्याने इवली इवली घेत होते, आणि पूर्ण कुल्फी गेली. पहिल्यांदा काहीतरी संपवलं त्यांनी. माझी खर्चाची वही अजून आहे कपाटात, त्यात त्या तारखेला लिहिलंय, बस १२, कुल्फी ३०, औषध ६४०. औषधाचा आकडा बघून आता काही वाटत नाही, कुल्फीचा बघितला की वाटतं.

तिथून परत येताना दादरला मधेच चढायला जाऊ नका, बस करून सीएसएमटीला या, लोकल तिथूनच सुटते म्हणजे बसायला मिळतं. संध्याकाळची गर्दी नऊनंतर उतरते, मावशींना आधीच सांगून ठेव की साडेदहा होतील, स्टेशनवर कोण येतंय ते पण विचार.

पैसे तीन ठिकाणी ठेव. पाचशेची एक नोट ओळखपत्राच्या मागे, ती मोडायची नाही. मंगळवारी रात्री मला कळव किती उरले, कमी पडत असतील तर तसं सांग, उपाशी राहून वाचवू नको. आणि घरी फ्रॉक-बिक काही आणू नको कुणाला.

डाळ मी निवडून दोन पिशव्यांत बांधलीये, एक फुटली तरी बॅगेत सांडणार नाही. स्लीपरला खालचा बर्थ मिळाला तर प्रियाला दे, तिला गाडी लागते. ठाण्याला उतरलीस की मिस कॉल दे, बाबा पाचपासून जागे असतात.

आई