काका, तुमचा रुमाल आमच्याकडेच राहिला

आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

लग्नाच्या दिवशी तुमच्याशी धड दोन शब्द बोलता आलं नाही. फोटोवाला आम्हाला स्टेजवरून हलू देईना आणि तुम्हाला दुपारच्या दुसऱ्या लग्नाला पोहोचायचं होतं. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण तुमच्यासारखा, आपल्यात लग्नं लावणारा बौद्धाचार्य म्हणजे माइकवर गाथा म्हणणारा माणूस, एवढंच मलाही परवापरवापर्यंत वाटायचं.

आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होती, सात वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर. दीक्षाभूमीचं सांगताना आजही तिचा आवाज बदलतो. आणि हीच आजी नातीच्या लग्नात हळद हवी, काळे मणी हवेत म्हणून अडून बसलेली! मी तिच्याशी दोनदा भांडले. तुम्ही आलात, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलात आणि आधी त्या दिवसाच्या गर्दीबद्दल विचारलंत. अर्धा तास तीच बोलत होती. मग तुम्ही लग्नविधीबद्दलचं बाबासाहेबांचं पत्र तिला वाचून दाखवलंत. होम नाही, सप्तपदी नाही. नवं मातीचं मडकं काठोकाठ पाण्यानं भरायचं, दोघांनी पांढऱ्या कपड्यांत दोन बाजूंना उभं राहायचं, पाण्यात सोडलेल्या सुताचं एकेक टोक हातात धरायचं आणि कोणीतरी मंगलसुत्त, म्हणजे खरं मंगल कशात आहे ते सांगणारा बुद्धांचा पाली उपदेश, म्हणायचं.

"एवढंच?" आजी म्हणाली.

"एवढंच," तुम्ही म्हणालात.

काळे मणी गेले, हळद राहिली. मी कुरकुरले तर तुम्ही मलाच दटावलंत, "म्हातारीला नातीच्या गालाला काहीतरी लावू दे की गं."

मुहूर्ताचा घोळ आत्यानं घातला होता. तिला तुम्ही मंगलसुत्तातलीच ओळ ऐकवलीत, "मातापितु उपट्ठानं, पुत्तदारस्स सङ्गहो". आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, हे मंगल. एवढ्या गाथा आहेत, त्यात घटका-पळं कुठे सापडली तर सांगा, म्हणालात. आत्याला पटलं असं नाही, पण ती गप्प बसली. चुलतभावाला वाटत होतं की लग्न भन्तेजींनीच, म्हणजे विहारातल्या भिक्खूंनीच लावावं. लग्न जुळवायला भिक्खूंना विनयातच, म्हणजे त्यांच्या नियमांतच मनाई आहे, ते आशीर्वाद देतील, रक्षणासाठीचा परित्राण पाठ करतील, लग्न लावणं आपल्यासारख्या उपासकांचं काम, हे तुमच्याकडून पहिल्यांदाच कळलं.

पण खरे आभार मानायचेत ते त्या दोन कागदांचे. लग्नाच्या आठ दिवस आधी तुम्ही आम्हा दोघांना सिगालोवाद सुत्तातली, म्हणजे बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला सांगितलेली कर्तव्यं हातानं लिहून दिलीत. डावीकडे पाली, उजवीकडे मराठी. नवऱ्याची पाच, बायकोची पाच. त्रिशरण-पंचशील मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे, पण आपण काय कबूल करतोय हे कधी थांबून बघितलं नव्हतं. नवऱ्यानं बायकोचा मान राखायचा, तिचा अवमान करायचा नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहायचं. चौथं "इस्सरियवोस्सग्गेन", म्हणजे घरातला अधिकार तिच्या हाती द्यायचा. पाचवं, दागदागिने. लग्नात तुम्ही चौथ्यावर मुद्दाम थांबलात आणि माइकवरूनच ह्यांना विचारलंत, "समजलं का? की पुन्हा म्हणू?" मांडव हसला. सासूबाई सगळ्यांत जोरात हसल्या. माझ्या वाटणीला आलं कामांची नीट घडी बसवणं, घरच्या माणसांना धरून राहणं, एकनिष्ठा, मिळकत जपणं आणि आळस न करणं. शेवटचं कठीण आहे, हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

आणि ते मडकं! बाजारातून आदल्या दिवशी आणलेलं, कोरं. भरून ठेवल्यावर पाझरणार हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही मंगलसुत्त म्हणत होतात आणि मी मान खाली घालून चौरंगावरच्या पांढऱ्या कापडाकडे बघत होते. ओला डाग हळूहळू वाढत बाबासाहेबांच्या फोटोपाशी ठेवलेल्या मेणबत्तीकडे निघालेला. सूत भिजून माझ्या अंगठ्याला चिकटलं होतं, हात सोडवता येईना. तुम्ही गाथा न थांबवता खिशातून रुमाल काढलात, घडी केलीत आणि मडक्याच्या बुडाशी सरकवलीत. "भवतु सब्ब मङ्गलं" पर्यंत कोणाला पत्ता नाही. व्हिडिओतसुद्धा नीट बघितलं तरच दिसतं.

जयमंगल गाथांच्या वेळी तांदूळ उधळायचे नाहीत, पाकळ्याच, हेही तुम्ही आधीच बजावलं होतं. तरी मामानं खिशातून थोडे आणलेच होते. असो.

लग्न लावल्याचं प्रमाणपत्र लिहिताना तुम्ही दोघांची आधार कार्डं मागून घेतलीत आणि नावातली एकेक वेलांटी जुळवलीत. तेव्हा मला ते फार वाटलं होतं. नोंदणीला गेलो तेव्हा आमच्या पुढचं जोडपं आडनावातल्या एका अक्षरासाठी परत गेलं. आमचं काम एका फेरीत झालं. बाबांनी पुढे केलेलं पाकीटही तुम्ही तसंच खिशात घातलं नाहीत, धम्मदानाची पावती फाडून दिलीत. बाबांनी ती लग्नाच्या अल्बममध्ये लावलीय.

रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवलाय. मडकं आता आमच्या स्वयंपाकघरात आहे, अजूनही पाझरतं, त्यामुळे पाणी छान गार असतं. रविवारी विहारातून परतताना इकडे या. आजीही येणार आहे, तिला दीक्षाभूमीचं राहिलेलं सांगायचंय म्हणे.

तुमची,
आळस न करण्याचं कबूल केलेली मुलगी