इंजेक्शनच्या तारखेशेजारी व्यायामही लिहून द्या

महोदय,

आपल्या आरोग्यविषयक पानावर प्रोस्टेटच्या कर्करोगावरचा लेख वाचला. लक्षणे ओळखा, वेळेत तपासणी करा, लवकर कळले तर आजार बरा होतो, हे सगळे त्यात होते. माझ्यासारख्यांसाठी मात्र एकही ओळ नव्हती. माझे निदान झाले तेव्हाच आजार कमरेच्या एका मणक्यात आणि खुब्याच्या हाडात पोहोचला होता. त्याला 4 वर्षे झाली. तो पुरता बरा होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण मी जगतो आहे, आणि आमच्यासारखे कितीतरी जण जगत आहेत. आम्ही काय खावे, किती हालचाल करावी, हे कोणीतरी सांगायला हवे ना?

दर 3 महिन्यांनी मला हार्मोन कमी करणारे इंजेक्शन देतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी केले की हा कर्करोग मागे हटतो, हे अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिले आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आजही उपचाराचा पाया तोच आहे. पण स्नायू आणि हाडे धरून ठेवण्याचे कामही तेच हार्मोन करते. ते गेले की मांड्या बारीक होतात, पोट सुटते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढू लागते. अंगातून अचानक गरम वाफा निघतात. थकवा तर असा, की रात्रभर झोपूनही उतरत नाही. पहिल्या वर्षात माझे वजन 5 किलोने वाढले आणि घरचे म्हणाले, तब्येत सुधारली. ती चरबी होती. एका सकाळी बरणीचे झाकण मला उघडेना. 31 वर्षे मी शाळेत सुतारकाम शिकवले, रंधा मारला. त्या हातांना ते झाकण हलेना. नातवाने ते फिरवून दिले आणि मी काही न बोलता आत जाऊन बसलो.

रुग्णालयाच्या कागदावर लिहिले होते, 'हलका आहार, विश्रांती'. मी ते इमानेइतबारे पाळले आणि आधीच झिजणारे स्नायू आणखी झिजवले. दीड वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. त्या बाईंनी सगळ्यात आधी बोन स्कॅन मागितला. आजार कोणत्या हाडात आहे ते पाहून मगच व्यायाम ठरतात. मला ओझे घेऊन वाकणे, कंबर पिळणे आणि उड्या मारणे बंद. मग त्यांनी हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठबस करायला लावली. 30 सेकंदांत 6 वेळा जमले. आज 13 वेळा जमते. आठवड्यातून दोनदा उठबस, भिंतीला रेटा देणे, रबरी पट्टा ताणणे, ओट्याला धरून टाचा उचलणे. बाकीचे दिवस अर्धा तास चालणे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. पत्नी घड्याळ घेऊन समोर बसते आणि एकही सूट देत नाही.

हे माझ्या एकट्याचे कौतुक नाही. कॅनडात हार्मोन उपचार घेणाऱ्या 155 पुरुषांची पाहणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. 12 आठवडे वजनांचे व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी झाला होता. थकलो म्हणून पडून राहणारा मी, हे वाचून अस्वस्थ झालो होतो.

खाण्याविषयी तर प्रत्येक भेटायला येणारा काहीतरी बंद करायला सांगतो. दूध बंद, साखर बंद, धान्य बंद. मेहुण्यांनी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, प्रेमानेच आणल्या. पण 35 हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवरच्या एका मोठ्या चाचणीत, ई जीवनसत्त्व रोज घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला, हे 2011 मध्ये छापून आले आहे. मी गोळ्या परत केल्या. आहारतज्ज्ञांनी माझ्याकडून काढून काही घेतले नाही, उलट भर घातली: प्रत्येक जेवणात प्रथिने, म्हणजे डाळ, अंडी, मासे, दूध यांपैकी काहीतरी; दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅमच्या हिशेबाने. माझी मूत्रपिंडे ठीक असल्याने हे चालते. ज्यांची नाहीत त्यांनी आधी विचारावे. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टर सांगतील तेवढेच.

माझ्याबरोबर उपचार घेणाऱ्या एका गृहस्थांची गोष्ट वेगळी. त्यांची भूक गेली, वजन उतरत चालले, आणि तरीही घरचे पथ्याचे बेचव ताट पुढे करत राहिले. त्या अवस्थेत थोडे थोडे, वारंवार, जे घशाखाली उतरेल ते द्यायचे असते. हे त्यांच्या घरी फार उशिरा कळले.

आणखी एक. अबिराटेरॉनच्या, म्हणजे शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होणे रोखणाऱ्या औषधाच्या, गोळ्या सुरू झाल्यावर पहिले 2 आठवडे मी त्या न्याहारीबरोबर घेतल्या. मला दिलेला डोस रिकाम्या पोटी घ्यायचा होता, आधी 2 तास आणि नंतर 1 तास काही न खाता. अन्नाबरोबर घेतल्यास औषध रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरते. औषधविक्रेत्याने चिठ्ठी वाचून थांबवले, तोवर मला कोणी सांगितले नव्हते. आता पहाटे 5 चा गजर लावतो.

आणि कंबर नव्याने दुखू लागली, पायातले बळ गेले, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी 'उद्या बघू' म्हटले की पाय कायमचे जाऊ शकतात.

माझी विनंती अशी: आपल्या पानावर एखाद्या फिजिओथेरपिस्टला आणि आहारतज्ज्ञाला आमच्यासाठी लिहायला सांगा, आणि अक्षर मोठे ठेवा. डॉक्टरांनाही सांगणे आहे, पुढच्या इंजेक्शनची तारीख ज्या कागदावर लिहिता त्याच कागदावर, तिच्या शेजारी, व्यायामही लिहा. तुमच्या अक्षरात लिहिलेले आम्ही पाळतो. 'विश्रांती' मी दीड वर्ष पाळली होती.

आपला,
एक वाचक (वय 69, निवृत्त शिक्षक)